राज्याची विचारसरणी आणि राज्यातल्या माणसाचे जगणे

नीती आयोगाने २०२३ साली बहुआयामी दारिद्र्याचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यातले दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावर बेतलेल्या या अहवालानुसार गुजरातमधील ११.६६ टक्के लोक बहुआयामी दारिद्र्यात होते आणि पश्चिम बंगालमधील ११.८९ टक्के. एका राज्यात १९९५ पासून, मधली थोडी वर्षे सोडली तर, भारतीय जनता पक्षाची सत्ता आहे. दुसऱ्या राज्यात १९७७ पासून सलग ३४ वर्षे डाव्या आघाडीचे सरकार होते आणि २०११ नंतर तृणमूल काँग्रेसचे. गुजरातचे दरडोई उत्पन्न बंगालच्या जवळपास दुप्पट आहे. उद्योग, बंदरे, रस्ते, वीज यांत तर या दोन राज्यांची तुलनाच होत नाही. असे असूनही पोषण, बालमृत्यू, शाळेत घालवलेली वर्षे, स्वयंपाकाचे इंधन, पाणी, शौचालय, घर अशा रोजच्या जगण्याच्या कसोट्या लावल्या, की ही दोन राज्ये जवळजवळ एकाच पायरीवर उभी दिसतात.

राज्याची राजकीय विचारसरणी त्याची अर्थव्यवस्था आणि तिथल्या लोकांचे जीवनमान ठरवते का, या प्रश्नावर आपल्याकडे दोन ठाम उत्तरे तयार असतात. एका बाजूला केरळचे उदाहरण दिले जाते आणि डाव्या विचारांनीच माणूस सुखी होतो असे सांगितले जाते. दुसऱ्या बाजूला गुजरातचे उदाहरण दिले जाते आणि उद्योगस्नेही, उजव्या विचारांच्या सरकारशिवाय प्रगती नाही असे बजावले जाते. दोन्ही बाजूंनी सत्ताधारी पक्षाचे नाव हे कारण मानलेले असते आणि आज दिसणारा आकडा हा त्याचा परिणाम. मला ही मांडणी मुळातच अपुरी वाटते. विचारसरणी टोकाला गेली तर ती सगळे काही ठरवू शकते, हे मान्य करायलाच हवे. परंतु टोके सोडून दिली, तर पक्षाच्या नावापेक्षा तीन गोष्टी अधिक बोलतात असे माझे मत आहे: त्या समाजाने सरकारकडे काय मागायचे हे आधीच ठरवले होते का, घेतलेला निर्णय शेवटच्या गावापर्यंत नेणारी यंत्रणा होती का, आणि चूक झाली तेव्हा ती दुरुस्त करायला सरकारला कोणी भाग पाडू शकत होते का. विचारसरणीचा खरा प्रभाव मला दुसरीकडेच दिसतो. त्याकडे शेवटी येईन.

आधी टोकांचा विचार करू. १९४५ साली ३८ व्या अक्षांशावर कोरियाची फाळणी झाली तेव्हा दोन्हीकडे भाषा एक होती, इतिहास एक होता, आणि जलविद्युत प्रकल्प व अवजड उद्योग तर मुख्यतः उत्तरेत होते. पुढे उत्तर कोरियात १९९० च्या दशकात लाखो माणसे उपासमारीने मेली आणि दक्षिण कोरिया जगातल्या श्रीमंत देशांत जाऊन बसला. याहून स्पष्ट पुरावा शोधून सापडणार नाही. मात्र दक्षिणेचे यश मुक्त बाजाराच्या खात्यावर मांडायचे, तर तिचा इतिहास अर्धाच सांगावा लागतो. १९५० च्या सुमारास तिथे जमीनदारांकडून जमिनी काढून कुळांना दिल्या गेल्या. १९६१ नंतर पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीने पंचवार्षिक योजना आखल्या, बँका सरकारच्या मुठीत ठेवल्या आणि कोणत्या उद्योगाला स्वस्त कर्ज द्यायचे हे निर्यातीची उद्दिष्टे पाहून ठरवले. व्हिएतनामची गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. तिथे डिसेंबर १९८६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनाने ‘दोई मोई’ हे नूतनीकरणाचे धोरण स्वीकारले, १९८८ मध्ये शेतीचा निर्णय सहकारी संस्थांकडून शेतकरी कुटुंबांकडे आला आणि आयात केलेल्या तांदळावर अवलंबून असलेला हा देश १९८९ मध्ये तांदळाचा मोठा निर्यातदार झाला. पक्ष तोच राहिला, झेंडा तोच राहिला, अर्थव्यवस्था बदलली. तेव्हा कोरियाच्या उदाहरणातून मी एवढेच घेतो, की चूक दिसत असताना जी राजवट ती पाहायलाच नकार देते, तिच्या प्रजेला त्याची किंमत जिवाने मोजावी लागते.

भारतातील राज्यांपाशी आले, की चौकट बरीच आखूड होते. चलन, परराष्ट्र व्यापार, बँका, रेल्वे हे काहीच राज्य सरकारच्या हातात नसते. १९९१ पर्यंत मोठा कारखाना कुठे निघणार हे परवान्याच्या रूपाने दिल्लीत ठरत असे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीने राज्यांकडे सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन, पोलीस असे विषय दिले. शिक्षण ४२ व्या घटनादुरुस्तीपर्यंत केवळ राज्यांचे होते, नंतर ते समवर्ती सूचीत गेले. म्हणजे माणसाच्या रोजच्या जगण्याशी संबंधित बरेच काही राज्याच्या हातात आहे, पण उद्योग आणि भांडवल यांच्यावर त्याची सत्ता मर्यादित आहे. बंगालचा ऱ्हास संपूर्णपणे डाव्यांच्या माथी मारणारे लोक ही बाब सहसा विसरतात. १९५२ पासून जवळपास चार दशके केंद्राचे मालवाहतूक समानीकरणाचे धोरण चालू होते. कोळसा, लोखंड, पोलाद यांचा वाहतूक खर्च असा समायोजित केला जाई, की खाणीजवळच्या कारखान्याला आणि हजार मैलांवरच्या कारखान्याला हा माल साधारण एकाच भावाने मिळावा. बंगाल, बिहार, ओडिशा यांना निसर्गाने दिलेला फायदा या एका धोरणाने पुसून टाकला. त्याचा लाभ ज्या किनारी राज्यांना मिळाला त्यांत महाराष्ट्र आघाडीवर होता, आणि आपल्या औद्योगिक प्रगतीचा अभिमान बाळगताना मराठी माणसाने याची जाणीव ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेसाठी २०२४ मध्ये तयार झालेल्या एका निबंधानुसार देशाच्या उत्पन्नातील बंगालचा वाटा १९६०-६१ मध्ये १०.५ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ५.६ टक्क्यांवर आला. ही घसरण डाव्यांच्या आधी सुरू झाली, त्यांच्या काळात थांबली नाही आणि ते गेल्यावरही उलटली नाही.

आता मूळ प्रश्नाची खरी कसोटी. केरळ आणि पश्चिम बंगाल या दोन राज्यांत एकाच विचारसरणीच्या, बहुतांशी एकाच पक्षाच्या, नेत्यांनी दीर्घकाळ राज्य केले. पुस्तके तीच, घोषणा त्याच, मध्यवर्ती समितीही एकच. २०११ च्या जनगणनेत केरळची साक्षरता ९४ टक्के होती, बंगालची ७६ टक्क्यांच्या आसपास. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीत केरळचा अर्भक मृत्युदर दर हजारी ६ होता आणि बंगालचा १९. बंगालचा आकडा देशाच्या २८ या सरासरीपेक्षा चांगला असला, तरी केरळच्या तिप्पट आहे. विचारसरणी एक असताना एवढे अंतर पडले, ते कशामुळे?

यातला मोठा भाग कम्युनिस्ट पक्षाच्या जन्माआधीच घडून गेलेला आहे. त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईंनी १८१७ साली शिक्षणाचा खर्च राज्याने उचलावा असा फतवा काढला. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या; त्यांच्याशी स्पर्धा म्हणून इतर समाजांनीही काढल्या. नारायण गुरूंच्या चळवळीने एळवा समाजाला देवळाइतकीच शाळाही महत्त्वाची आहे हे पटवले. आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या पुलया जातीचे नेते अय्यनकाळी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जे केले, ते तर मला फार मोलाचे वाटते. पुलया मुलांना शाळेत घेत नाहीत म्हणून त्यांच्या प्रेरणेने शेतमजुरांनी भातशेतीतले कामच बंद ठेवले. मजुरी वाढवा ही एकच मागणी त्यामागे असती, तर तो नेहमीचा संप झाला असता. इथे पोटाला चिमटा घेऊन लोक मुलांच्या शाळेसाठी अडून बसले होते. अशा समाजात १९५७ साली ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे कम्युनिस्ट सरकार निवडून आले. म्हणजे साक्षर, संघटित, हक्कांची भाषा शिकलेल्या समाजाने आपल्यासाठी डावी विचारसरणी निवडली. विचारसरणीने येऊन त्या समाजाला साक्षर केले असे म्हणणे हे कार्यकारणाचा क्रम उलटा लावणे होय. बंगालातही एकोणिसाव्या शतकात थोर समाजसुधारक झाले, परंतु ते प्रबोधन मुख्यतः भद्रलोकांत, म्हणजे सुशिक्षित उच्चवर्णीयांत, फिरत राहिले आणि खेड्यातल्या शेतमजुराच्या झोपडीपर्यंत शाळेची मागणी त्या प्रमाणात पोहोचली नाही.

दुसरे कारण सत्ता जाण्याच्या धास्तीचे आहे. केरळात १९८२ ते २०१६ या काळात प्रत्येक विधानसभा निवडणुकीत सरकार बदलले. डाव्यांनी सुरू केलेले काम काँग्रेसप्रणीत आघाडीला मोडता आले नाही आणि काँग्रेस आघाडीने उघडलेला दवाखाना डाव्यांना बंद करता आला नाही, कारण पाच वर्षांनी जाब द्यायचा होता. मोठ्या भूसुधारणेची अंमलबजावणी तर १९७० च्या दशकात भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सी. अच्युत मेनन मुख्यमंत्री असताना काँग्रेसच्या साथीने झाली. तेव्हा केरळचे यश ‘डाव्यांचे’ म्हणावे की दोन आघाड्यांच्या अटीतटीच्या स्पर्धेचे, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

बंगालच्या डाव्यांनी काहीच केले नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १९७८ मध्ये सुरू झालेली ‘ऑपरेशन बर्गा’ ही मोहीम प्रशासनाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावी अशी आहे. बटाईने जमीन कसणाऱ्याला, म्हणजे बर्गादाराला, मनमानीने काढून टाकता येऊ नये आणि खर्च त्याने केला असेल तर पिकाचा तीन चतुर्थांश वाटा त्याला मिळावा, हे हक्क आधीच्या कायद्यांतही होते. परंतु नोंद नसल्यामुळे ते कागदावरच राहिले होते. नोंद करायची तर बर्गादाराने कचेरीत जायचे, जमीनमालकाविरुद्ध एकट्याने बोलायचे आणि पुन्हा त्याच मालकाच्या दारात कर्जासाठी उभे राहायचे, हे कसे घडणार? या मोहिमेत महसूल खात्याची माणसे स्वतः गावात गेली. शेतावरची कामे उरकल्यावर, संध्याकाळी, बर्गादारांच्या सभा भरवल्या गेल्या. कोण कोणाचा तुकडा कसतो हे चारचौघांत सांगितले गेले, शेजाऱ्यांनी त्याला दुजोरा दिला, आणि हरकत घ्यायची असेल तर मालकाला ती सर्वांदेखत घ्यावी लागली. कचेरीत एकटा असताना ज्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, तो दहा जणांच्या सोबतीने बोलू लागला. सुमारे १४ लाख बर्गादारांची नावे अशी अधिकार अभिलेखात चढली, आणि जिथे नोंदणी अधिक झाली तिथे शेतीचे उत्पन्नही वाढले असे अर्थशास्त्रज्ञांना नंतरच्या अभ्यासात आढळले. इथे विचारसरणीने इच्छाशक्ती पुरवली हे खरेच आहे. तेवढीच महत्त्वाची होती ती सभेची वेळ आणि जागा बदलण्याची कल्पना, आणि ती कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात लिहिलेली नसते.

पुढे मात्र तेच सरकार तिथेच थबकले. जमिनीइतके लक्ष शाळा आणि दवाखाने यांच्याकडे दिले गेले नाही. सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढून टाकण्याचा निर्णय १९८० च्या दशकात झाला आणि त्याची झळ नेमकी ज्यांना खासगी शाळा परवडत नव्हती त्यांच्या मुलांना बसली. गावात पक्षाची समिती हीच सरकार झाली. रेशनकार्डापासून भाऊबंदकीपर्यंत प्रत्येक बाब तिच्याकडे जाऊ लागली. सात वेळा सलग निवडून आलेल्या आघाडीला ‘तुमचे चुकते आहे’ असे सांगणारे आतही कोणी उरले नाही आणि बाहेरही. ज्या पक्षाची मुळे कसणाऱ्याच्या जमिनीत होती, त्याच पक्षाने २००६ मध्ये सिंगूरच्या सुपीक शेतीवर मोटार कारखान्यासाठी भूसंपादन केले, आणि १४ मार्च २००७ रोजी नंदीग्राममध्ये पोलिसांच्या गोळीबारात १४ माणसे मेली. विचारसरणी तीच होती, नेतेही बरेचसे तेच होते.

केरळचीही दुसरी बाजू सांगायलाच हवी, कारण जीवनमान आणि अर्थव्यवस्था हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि केरळने पहिल्याचे उत्तर दिले म्हणून दुसऱ्याचेही दिले असे होत नाही. १९७० च्या दशकापासून आखाती देशांत गेलेल्या मल्याळी माणसांनी घरी पाठवलेल्या पैशांवर या राज्याची बाजारपेठ मोठ्या प्रमाणात उभी राहिली. शिकलेल्या तरुणांना राज्यात काम मिळत नाही, ही तक्रार तिथे दोन-तीन पिढ्यांची आहे. कारखानदारी न वाढण्याची कारणे अनेक असली, तरी संघटनांच्या दंडेलीचा वाटा नाकारता येत नाही. ‘नोक्कुकूली’ ही प्रथा पाहा: माल यंत्राने उतरवला किंवा मालकाने स्वतःच्या माणसांकडून उतरवून घेतला, तरी बाजूला उभे राहून नुसते पाहणाऱ्या हमाल संघटनेच्या लोकांना मजुरी द्यावी लागे. घर बांधणाऱ्या सामान्य माणसालाही विटांचा ट्रक आला की ही रक्कम मोजावी लागत होती. कामगाराच्या प्रतिष्ठेसाठी सुरू झालेली चळवळ इथवर येऊन पोहोचली होती. शेवटी २०१८ च्या कामगार दिनापासून ही प्रथा बंद करण्याची घोषणा पिनराई विजयन यांच्या डाव्या सरकारनेच केली. अर्थव्यवस्थेवर विचारसरणीचा परिणाम होतो याचा हा सरळ पुरावा आहे. तो परिणाम कायमचा नसतो, याचाही.

उजव्या बाजूची अशीच कसोटी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लागली. २०१२ मध्ये गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी प्राप्तिकरात मोठी कपात केली आणि विशिष्ट प्रकारच्या व्यवसायांच्या उत्पन्नावरचा राज्याचा कर जवळपास शून्यावर आणला. कर कमी झाले की गुंतवणूक धावत येईल आणि तिजोरी आपोआप भरेल, असा विश्वास त्यामागे होता. गुंतवणुकीचा लोंढा आला नाही. तिजोरीत खड्डा पडला, राज्याचे पतमानांकन घसरले आणि शाळांच्या निधीचा वाद न्यायालयात धुमसत राहिला. जून २०१७ मध्ये विधिमंडळाने गव्हर्नरांचा नकाराधिकार ओलांडून ही कपात बहुतांशी मागे घेतली, आणि त्या विधिमंडळात बहुमत त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते. मतदारसंघातली शाळा आठवड्याचे दिवस कमी करू लागली की आमदाराला पक्षाची शिकवण बाजूला ठेवावी लागते.

गुजरातविषयी थोडक्यात एवढेच म्हणतो, की त्याची उद्यमशीलता कोणत्याही एका पक्षाहून खूप जुनी आहे. अहमदाबादची पहिली कापड गिरणी १८६१ ची आहे, आणंदचा दूध संघ १९४६ चा, आणि औद्योगिक वसाहती उभारणारे महामंडळ १९६२ चे. नंतरच्या सरकारांनी त्या पायावर रस्ते, वीज आणि बंदरे यांचे मोठे काम केले, ते नाकारण्याचे कारण नाही. पण २०२० मध्ये गुजरातचा अर्भक मृत्युदर २३ होता आणि तितक्याच उद्योगप्रधान तमिळनाडूचा १३. दोन्ही राज्यांत कारखाने आहेत, दोन्हीकडे बाहेरून भांडवल येते. फरक कुठे पडला ते पाहण्यासाठी तमिळनाडूतील सरकारी दवाखान्याच्या औषधाच्या कपाटापर्यंत जावे लागते.

१९९४ मध्ये तिथे औषधखरेदीसाठी तमिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. मोजक्या, अत्यावश्यक औषधांची यादी करायची, निविदा काढून ती मूळ (जेनेरिक) नावाने एकत्रित खरेदी करायची, जिल्ह्याच्या गोदामात ठेवायची आणि तुकडीतील नमुने प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय वाटायची नाहीत, अशी ही पद्धत. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे एक पासबुक दिले जाते. त्यात वर्षाची रक्कम लिहिलेली असते आणि गोदामातून जितके औषध उचलले तितकी ती कमी होत जाते. त्यामुळे नको असलेली औषधे माथी मारता येत नाहीत आणि हवे ते औषध संपण्याआधी कळते. ही संस्था जयललितांच्या सरकारने स्थापन केली. १९९६ मध्ये त्यांचा दारुण पराभव करून करुणानिधी सत्तेवर आले, आणि या दोन पक्षांतले वैर किती टोकाचे होते हे सर्वांना ठाऊक आहे, तरीही त्यांनी ती मोडली नाही. शाळेतल्या दुपारच्या जेवणाचे तसेच झाले: काँग्रेसच्या कामराज यांनी १९५० च्या दशकात सुरू केलेली योजना एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये विस्तारली आणि नंतरच्या प्रत्येकाने त्यात भर घातली. हिमाचल प्रदेशात काँग्रेस आणि भाजप आलटून पालटून येत राहिले आणि शाळांचे जाळे डोंगरात वाढतच राहिले. या राज्यांना कोणत्या रंगाच्या खात्यात टाकायचे?

महाराष्ट्राकडे पाहिले तर हा मुद्दा अधिकच टोचतो. मुंबई-पुणे आणि नंदुरबार-गडचिरोली यांच्यावर १९६० पासून एकच विधानसभा, एकच मंत्रिमंडळ आणि त्या त्या वेळी एकच विचारसरणी राज्य करत आली आहे. तरीही बहुआयामी दारिद्र्यात नंदुरबार राज्यात सर्वांत वर आहे आणि मुंबई तळाजवळ. ‘अनुशेष’ हा विषय वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये आकडेवारीने मांडला, सिंचनापासून रस्त्यांपर्यंत कोणत्या जिल्ह्यात किती कमी पडले ते सांगितले, आणि पुढे चार दशके विदर्भ-मराठवाड्याच्या प्रत्येक अधिवेशनात तो चर्चिला गेला. पक्ष बदलले, आघाड्या बदलल्या, मुख्यमंत्री खुद्द त्या भागांतलेही झाले. धरण कुठे बांधायचे, कारखान्याला परवानगी कोणाला, डॉक्टरची बदली कुठे थांबवायची हे निर्णय विचारसरणीने झाले नाहीत. ज्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचत होता त्यांच्या सोयीने झाले.

याच राज्याने रोजगार हमी योजनाही देशाला दिली, आणि तिचा इतिहास मला या विषयात सर्वांत आशादायक वाटतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखो माणसांच्या अनुभवातून ती आकाराला आली. वि. स. पागे यांनी कल्पना मांडली, काँग्रेसच्या सरकारने ती स्वीकारली, समाजवादी, कम्युनिस्ट आणि शेतकरी कामगार पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मोर्चे काढून ती जिवंत ठेवली, १९७७ मध्ये तिचा कायदा सर्व पक्षांच्या संमतीने झाला. तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला, जो आजही नोकरदाराच्या पगारपत्रकात कापलेला दिसतो. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, ही कल्पना कोणत्या विचारसरणीची म्हणायची, यावर वाद घालता येईल. २००५ मध्ये ती देशाचा कायदा झाली.

आता तर पक्षांमधल्या भिंती आणखी पातळ झाल्या आहेत. बंगालमध्ये २०२१ ला लक्ष्मीर भांडार आली, मध्य प्रदेशात भाजपने २०२३ मध्ये लाडली बहना आणली, त्याच वर्षी कर्नाटकात काँग्रेसने गृहलक्ष्मी आणि तमिळनाडूत द्रमुकने महिलांसाठीचे मासिक मानधन, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण. महिन्याकाठी बाईच्या खात्यात थेट पैसे, हा विचार आज कोणत्याच पक्षाचा एकट्याचा नाही.

मग विचारसरणीचे काहीच चालत नाही का? चालते, आणि माझ्या मते ते असे चालते: सरकारला कोण दिसतो आणि कोण दिसत नाही, हे ती ठरवते. केरळच्या भूसुधारणेचेच पाहा. वर्गाच्या चष्म्यातून पाहणाऱ्या चळवळीला कूळ स्पष्ट दिसले, आणि कूळ जमिनीचे मालक झाले. पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच चिखलात उभे राहून लावणी करणारे दलित शेतमजूर बहुधा कूळ नव्हतेच. त्यांच्या वाट्याला झोपडीखालची जागा आली: ग्रामीण भागात जास्तीत जास्त दहा सेंट, म्हणजे आपल्या हिशोबाने चार गुंठे. ज्या अय्यनकाळींच्या लोकांनी भातशेतीतले काम बंद ठेवून शाळेची लढाई लढली, त्यांना भातशेती मिळाली नाही. आदिवासींच्या हिरावलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७५ मध्ये झाला, तो दोन्ही आघाड्यांनी लांबवला, आणि फेब्रुवारी २००३ मध्ये काँग्रेस आघाडीच्या काळात मुथंगाच्या जंगलात जमीन मागणाऱ्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बाजारावर भिस्त ठेवणाऱ्या सरकारांनाही असेच एक आंधळे क्षेत्र असते: गुंतवणूकदार त्यांना स्पष्ट दिसतो, प्रकल्पासाठी उठवलेले गाव अंधुक दिसते. धर्माच्या आधारे आपले-परके ठरवणारे राजकारण काही नागरिकांच्या मनात जी भीती कायमची वस्तीला आणते, ती दारिद्र्याच्या कोणत्याही निर्देशांकात येत नाही, पण जगण्याच्या गुणवत्तेत तिला मी अर्भक मृत्युदराच्या बरोबरीने मोजतो.

१ नोव्हेंबर २०२५ रोजी केरळ सरकारने राज्य अतिदारिद्र्यमुक्त झाल्याची घोषणा केली. २०२१ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांनी घरोघर जाऊन सुमारे ६४ हजार कुटुंबांची यादी केली होती. कोणाकडे घर नव्हते, कोणाकडे रेशनकार्ड, कोणाला औषधोपचार हवे होते, त्याप्रमाणे प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र आराखडा बनवला होता. ही पद्धत ‘ऑपरेशन बर्गा’च्या संध्याकाळच्या सभांइतकीच मला आदरास पात्र वाटते. घोषणेनंतर लगेच काही अर्थशास्त्रज्ञांनी ही यादी कोणत्या निकषांवर झाली असे जाहीरपणे विचारले, आणि आदिवासी संघटनांनी आमच्या वस्त्यांमधली माणसे या यादीत का नाहीत असा प्रश्न केला. सरकारने आणि त्याच्या समर्थकांनी उत्तरे दिली, ती प्रश्न विचारणाऱ्यांना पुरेशी वाटली नाहीत, आणि वाद चालू राहिला. इतर कोणत्या राज्यात अशी नावनिशीवार यादी आहे, जिच्यावर बोट ठेवून एखाद्या वस्तीतल्या माणसाला आपले नाव गळल्याचे सांगता येईल, हे शोधण्याचे काम मी सध्या हाती घेतले आहे. त्याची सुरुवात नंदुरबारपासून करणार आहे.